जागलीची मजुरी

सोनाली कुलकर्णी या अभिनेत्रीने पाच वर्षांच्या अंतराने दोन बायका पडद्यावर उभ्या केल्या. २००४ च्या ‘देवराई’त ती सीना आहे, स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची बहीण. २००९ च्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये ती अलका आहे, कर्जात आणि कोरड्या आभाळाखाली अडकलेल्या किसनाची बायको. पहिला सिनेमा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, दुसरा सतीश मनवर यांचा. पहिल्याबद्दल लिहिताना आपण ‘मानसिक आजार’ म्हणतो, दुसऱ्याबद्दल लिहिताना ‘शेतकरी आत्महत्या’. त्यामुळे हे दोन सिनेमे एका लेखात सहसा येत नाहीत. माझ्या मते या दोन्ही बायका एकच काम करतात. ते काम किती तासांचं, त्याचा दर काय आणि ते कोणाच्या खात्यावर पडतं, हे विचारल्याशिवाय मानसिक आरोग्याच्या अर्थशास्त्राची चर्चा पुढे सरकत नाही.

आधी अलका. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर तिला धास्ती बसते की आपलाही नवरा त्याच वाटेने जाईल. तिच्याकडे डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, पैसा तर नाहीच. मग ती शाळकरी पोराला बापाच्या मागावर ठेवते, सासूला नजर ठेवायला सांगते, आणि नवऱ्याचं मन खुलावं म्हणून पुरणपोळीचा घाट घालते. किसनाला हे काय चाललंय ते उमगत नाही. या न उमगण्यातून सिनेमात बरंच हसू पिकतं. समीक्षकांनी त्या हशाला ‘काळा विनोद’ म्हटलं, आणि ते बरोबरच आहे. पण त्या विनोदाच्या आड एक पूर्ण यंत्रणा चालू आहे: धोका ओळखणं, पाळीपाळीने लक्ष ठेवणं, माणसाला एकटं न सोडणं, खाण्यापिण्याकडे पाहणं. आत्महत्या रोखण्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात हेच शिकवतात. अलकाला ते कोणी शिकवलेलं नाही आणि त्याचे पैसेही कोणी दिलेले नाहीत.

आमच्या भागात या कामाच्या जवळ जाणारा एक शब्द आहे: जागल. पीक हाताशी आलं की रानडुकरं आणि रोही येतात, तेव्हा रात्री शेतात राहावं लागतं. ‘जागलीला गेला’ म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. दुसऱ्याच्या शेतावर जागल केली तर मजुरी मिळते, स्वतःच्या शेतावर केली तर ती पिकाच्या खर्चात धरली जाते, निदान धरायला हवी असं प्रत्येक शेतकरी म्हणतो. माणसाची जागल मात्र कोणत्याच खर्चात येत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात ती करणाऱ्या बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. हे आकडे लोकांसमोर आले ते चांगलंच झालं. पण अलका पुरणपोळी लाटते तेव्हा ते सर्वेक्षणात ‘स्वयंपाक’ म्हणून जाईल. ती रात्री डोळे मिटून, कान उघडे ठेवून पडून राहते, ते ‘झोप’ म्हणून जाईल. लक्ष ठेवणं हे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी करता करता होतं, आणि तासांच्या चौकटीत एका वेळी एकच काम ठळकपणे बसतं. म्हणून इथे सिनेमा सर्वेक्षणापेक्षा जास्त मोजतो. मनवरांनी हे अर्थशास्त्र म्हणून केलं नसेल. पण मला तो सिनेमा आता तसाच दिसतो.

याच्याशेजारी एक सरकारी मजकूर ठेवून पाहा. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ही मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा, ही पात्रतेची भाषा. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द विदर्भात इतके रुळले आहेत की लोक मेलेल्या माणसाबद्दल बोलताना सहज म्हणतात, ‘तो अपात्र झाला.’ भाषेचं असं झालं की समीक्षकाने थोडं थांबावं.

या मजकुरात मन नाही. मजकूर महसूल खात्याचा आहे, त्यामुळे त्यात सातबारा असणार, मन नसणार, हे मान्य. पण त्याचा एक परिणाम होतो. दारू, आजारपण, घरातलं भांडण अशी कारणं कागदावर आली की प्रकरण अपात्रतेकडे झुकतं. म्हणजे एखादा माणूस आधी मनोविकारतज्ज्ञाकडे गेला असेल, त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घरात असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर ती चिठ्ठी कुटुंबाला जड जाऊ शकते. कर्ज आणि उदासी एकाच माणसात, एकाच वेळी, एकमेकांना खतपाणी घालत राहतात हे कोणत्याही खेड्यातली म्हातारी सांगेल. निर्णयाला मात्र दोहोंपैकी एक निवडून हवं असतं. उपचार घेणं कुटुंबाला तोट्याचं आणि न घेणं निदान कागदोपत्री सोयीचं, अशी रचना कोणी मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. ती झाली आहे एवढंच म्हणतो. शिवाय ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, जो माणूस दुसऱ्याचं शेत ठेक्याने किंवा बटईने करतो, तो या मजकुरात कुठे बसवायचा हा प्रश्न वेगळाच.

पुढे राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन ताण आणि निराशा ओळखायची, पुढे आरोग्य केंद्र, जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ, आणि १०४ हा दूरध्वनी. कल्पना चांगली होती, कारण ती मरणाच्या अलीकडची होती. तो चौदा जिल्ह्यांसाठी: मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. नागपूर त्यात नाही. मी बुटीबोरीत राहतो. इथून वर्ध्याच्या रस्त्याला लागलात की केळझर येण्याआधी जिल्हा बदलतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आमच्याकडे नाही. प्रतिबंधाच्या सरकारी रेषा नकाशावर कुठून गेल्यात हे पाहायचं तर हा रस्ता पुरेसा आहे. पलीकडच्या माणसाला आशा सेविकेची प्रश्नावली आणि दारूबंदी. अलीकडे बार, कारखाने आणि त्या दोन्हींच्या मध्ये राहणारा, परवापर्यंत शेतकरी असलेला माणूस.

हा ‘परवापर्यंत शेतकरी’ माणूस मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘गाभ्रीचा पाऊस’ संपल्यानंतरची गोष्ट त्याची आहे. औद्योगिक वसाहतीत जमिनी गेल्या, काहींनी विकल्या, काहींच्या पोरांनी नुसतीच पाठ फिरवली. त्यांच्यातले बरेच जण कंत्राटी कामगार झाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा २६ टक्क्यांहून जास्त, सगळ्या गटांत मोठा. शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९०. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. शेतकऱ्याचं दुःख कमी लेखण्यासाठी मी हे आकडे देत नाही. तसं करणारे पुष्कळ आहेत. आमच्या साहित्याने आणि शासनाने ज्या माणसाकडे पाहायचं ठरवलं त्याच्या पलीकडे एक मोठी रांग उभी आहे, आणि त्या रांगेसाठी ‘पात्र’ हा शब्दसुद्धा नाही, एवढंच त्यातून दिसतं.

मी अनेक वर्षं कारखान्यांच्या हजेऱ्या आणि पगारपत्रकं केली. माझं अर्थशास्त्र तिथे शिकलेलं आहे, विद्यापीठात नाही. एकदा एका कामगाराची बायको खिडकीशी आली. म्हणाली, ‘भाऊ, त्यायची रातपाळी काहाडून द्या ना जी. दिवसा सासू पाह्यते, मी कामाले जाते. रातीले मी जागी राह्यते. पण रातपाळीत ते तिकडं न मी इकडं. तिथं कोण पाहीन?’ पाळी बदलण्याच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. तिथे काय लिहायचं हे तिलाही सुचलं नाही आणि मलाही. शेवटी ‘घरगुती अडचण’ लिहिलं. पुढे कंत्राट संपलं आणि ते कुटुंब दुसरीकडे गेलं.

घरगुती अडचण हा शब्द हजेरीपत्रकांत किती वेळा येतो हे मी पूर्वी नुसतं पाहत असे. नंतर त्याकडे लक्ष देऊन पाहू लागलो. त्यात लग्नं असतात, मर्तिकं असतात, आणि बाकी बरंच काही असतं.

कायदा अगदीच मोकळा आहे असं नाही. कामगार राज्य विम्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार येतो, तो ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५. आजारपणात ९१ दिवस सत्तर टक्के पगार मिळतो. त्याहून लांब चालणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे. त्यांना ऐंशी टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, आणि त्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, तीव्र नैराश्य आहे, उन्माद आणि नैराश्याचा आलटून पालटून येणारा आजार आहे. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण एवढ्या स्पष्टपणे मनाचा आजार आणि पगार एका ओळीत आणणारा दुसरा मजकूर माझ्या पाहण्यात नव्हता. अट अशी की माणूस सलग दोन वर्षं विम्याखालच्या नोकरीत असावा आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. १५६ दिवस कोणीही भरतो. ‘सलग’ हा शब्द भरता येत नाही. कंत्राट बदललं, मध्ये दोन महिने घरी बसवलं, की सलगता तुटते. ज्याची नोकरी तुटक आहे त्याचं मन जास्त तुटण्याची शक्यता, आणि नेमका तोच या यादीबाहेर.

उपचार फुकट आहेत, मग लोक का येत नाहीत, असं शहाणे लोक विचारतात. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक, ९४० खाटांचं. त्याच्या बाहेरच्या चौकाला आजही रिक्षावाले ‘पागलखाना चौक’ म्हणतात, बसवालेही. बुटीबोरी शहराच्या दक्षिणेला, ते रुग्णालय उत्तरेच्या अंगाला. म्हणजे सगळं नागपूर ओलांडायचं. रुग्ण एकटा जात नाही, सोबत कोणीतरी लागतं. दोघांची मजुरी प्रत्येकी पाचशे धरली तर हजार गेले, जाण्यायेण्याचे आणि चहापाण्याचे दोनेकशे धरा. औषध फुकट, फेरी बाराशेची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) कुटुंबांचा महिन्याचा खर्च हजार ते दीड हजार आला होता, मुख्यतः उपचार आणि प्रवास यांवरचा. माझी गणितं वहीतली आहेत, त्यांची बारा राज्यांतली. पण उत्तर शेजारी शेजारी पडतं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता सांगून ठेवतो. ज्या राज्यात आत्महत्यांचा आकडा सगळ्यात मोठा, ते त्या पाहणीत नाही.

आता ‘देवराई’कडे वळतो. शेषचा आजार भावे-सुकथनकरांनी ज्या संयमाने दाखवला तसा मराठी पडद्यावर आधी दाखवला गेला नव्हता, आणि अतुल कुलकर्णींचं काम विसरण्यासारखं नाही. सीना भावाला आपल्या घरी आणते. नवरा, संसार, डॉक्टर आणि भाऊ यांच्यात तिची ओढाताण होते. ही ओढाताण प्रेमाची, नात्याची, अपराधीपणाची म्हणून दाखवली आहे. ती पैशाचीही असते, हे सिनेमा जवळपास सांगत नाही. बारा वर्षांनी याच दिग्दर्शकांचा ‘कासव’ आला, २०१६ साली. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. तिथे नैराश्यात बुडालेल्या तरुणाला जानकी आपल्या घरात ठेवून घेते. कोकणातलं घर, समुद्र, कासवांची अंडी, कोणी घाई करत नाही. मुलगा हळूहळू सावरतो. मला सिनेमा आवडला. पण पाहताना मनात सारखी बेरीज चालू होती: हे घर कोणाचं, स्वयंपाक कोण करतं, गाडी कोण चालवतं, आणि या सगळ्यांचा पगार जानकी कुठून देते? किशोर कदमांनी केलेला यदू जानकीच्या नोकरीतला माणूस आहे. मुलाला सांभाळण्यात त्याचाही हात आहे, तोही पगारात. म्हणजे सिनेमात शुश्रूषेची मजुरी दिली जाते, फक्त ती ‘माया’ या नावाखाली जमा होते.

ही तक्रार क्षुल्लक वाटेल. कलाकृतीने पगारपत्रक दाखवावं असं कोण म्हणेल? मी तसं म्हणत नाही. पण ‘कासव’मध्ये बरं होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी म्हणजे वेळ, जागा, आणि शेजारी न बोलता बसणारं माणूस. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये किसनालाही याच गोष्टी हव्या आहेत. तिथे वेळ पेरणीच्या हवाली आहे, जागा एक खोली आहे, आणि शेजारी बसणारी बाई सकाळी शेतावर जाणार आहे. दोन सिनेमे शेजारी ठेवले की कळतं, ते एकाच उपचाराबद्दल आहेत. एका घराला तो परवडतो, दुसऱ्याला नाही. सीना आणि अलका यांच्यातलं अंतर स्वभावाचं नाही. सोनाली कुलकर्णींनी ते अभिनयात नेमकं पकडलं आहे: सीना थकते तेव्हा बसते, अलकाला बसायला वेळ नाही.

जगभर सध्या एक आकडा फिरतो. नैराश्य आणि चिंतेच्या उपचारांवर एक डॉलर खर्च करा, चार परत येतील. हा २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या, ३६ देशांचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासातून निघाला. मूळ निबंधात दोन गुणोत्तरं आहेत. माणूस कामावर परत येण्याचा, उत्पादन वाढण्याचा फायदाच धरला तर एकाला २.३ ते ३. आरोग्याला स्वतःची किंमत दिली तर ३.३ ते ५.७. लोकप्रिय झालेला ‘चार’ हा या दुसऱ्यातला. पहिलं गुणोत्तर कारखानदाराचं आहे, दुसऱ्यात आईच्या मनाला थोडी जागा आहे. अर्थमंत्र्यांना पटवायचं तर अशी भाषा लागते, हे मला कळतं. पगारपत्रकं करणाऱ्याला न कळायला काय झालं? पण या भाषेत एक धोका आहे. ज्याचं उत्पादन कमी, त्याच्यावरचा परतावाही कमी. वयस्क, अपंग, ज्याला काम मिळण्याची शक्यताच नाही, त्याच्या मनाचं काय? त्याला सांभाळणाऱ्या बाईची सुटलेली मजुरी या गुणोत्तरात कुठे आहे?

आपल्याकडे तर चर्चा गुणोत्तरापर्यंतही पोचत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये. नागपूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या साडेशेहेचाळीस लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला पावणेदोन रुपयांच्या आसपास येतं. २०२३–२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याचे म्हणून जे ९१९ कोटी मोजले गेले त्यातले ७२१ बंगळुरूच्या निम्हान्स या एका संस्थेचे, आणि १३४ टेलिमानसचे. निम्हान्सला कमी द्या असं कोणी म्हणू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही उपयोगी आहे, रात्री दोनला जागणाऱ्या बाईला तो माहीत असावा. पण फोनच्या पलीकडचा माणूस शेजारी येऊन बसत नाही.

शेजारी येऊन बसणारी माणसं उभी करता येतात का? इथे विदर्भाकडे सांगण्यासारखं काही आहे. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प विदर्भातल्या ३० गावांत चालला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, थोडं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक, आणि वेळोवेळी येणारे मनोविकारतज्ज्ञ. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदतीला गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आलं. आत्महत्येचे विचार ५.२ वरून २.५ वर. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाचं असं ठामपणे म्हणता येत नाही. एखादा चांगला पावसाळाही मध्ये आला असेल. पण गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या चाचणीत तुलना होती. तिथे डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिले. तीव्र नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, तसे उपचार न मिळालेल्यांत ३९ टक्के. म्हणजे शेजारी बसण्याचं काम शिकवता येतं, मोजता येतं आणि त्याचे पैसे देता येतात.

विश्रामच्या आकड्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो सुरुवातीचा, ४.३. उरलेले पंचाण्णव टक्के कोणाकडेच गेले नव्हते, असं त्याचं वाचन होतं. मी ते असं वाचतो: ते घरातल्या कोणातरी अलकाकडे होते. हे माझं अनुमान आहे, निबंधाचं नाही. पण प्रकल्पाने मोकळ्या जागेत काम सुरू केलं नाही. आधीच चालू असलेल्या बिनपगारी जागलीत त्याने हातभार लावला. आणि प्रकल्पाला मुदत असते. निधीचा कालावधी संपला की जागल पुन्हा घरात येते. आशा सेविकेचंही तेच. तिचं पदनाम ‘स्वयंसेविका’, तिला मिळतो तो पगार नव्हे, ‘मोबदला’, आणि त्याच्या वाढीसाठी तिला संपावर जावं लागतं. गावातल्या बाईचं बिनपगारी काम हलकं करायला सरकार दुसऱ्या बाईला अर्धपगारी पाठवतं. हे अर्थशास्त्र मात्र कोणी निबंधात मांडत नाही.

काही प्रतिबंध जागल मुळातूनच हलकी करतात. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. कर्ज नाहीसं झालं नाही, भांडणं थांबली नाहीत. पण घरात काय ठेवलेलं आहे याची धास्ती घेऊन जागणाऱ्या बायकांची संख्या कमी झाली असणार. याचा खर्च सरकारला किरकोळ आणि कंपन्यांना मोठा, म्हणून आपल्याकडे त्याबद्दल फार बोललं जात नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की पाळत म्हणजे उपचार नव्हे. सतत कोणीतरी मागावर आहे हे कळलं तर माणूस आणखी मिटतो. सिनेमातला किसनाही वैतागतो. खरं आहे. अलकाला काय करायचं हे सांगणारं कोणी असतं तर तिने पोराला बापाच्या मागे धाडलं नसतं, नवऱ्याशी बोलून पाहिलं असतं. दुसरा आक्षेप असा की प्रेमाला मजुरी लावली की ते प्रेम राहत नाही. हा आक्षेप मी बहुतेक पुरुषांकडूनच ऐकला आहे.

ब्रिटनमध्ये १९७६ साली घरी आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. आठवड्याला पस्तीस तास सांभाळत असाल तर. विवाहित बायकांना तो मिळत नसे, कारण त्या घरीच असणार असं गृहीत होतं. जॅकलिन ड्रेक नावाची बाई आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडून घरी बसली होती. ती न्यायालयात गेली आणि १९८६ साली ती अट गेली. आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे, आणि मानसिक आजार त्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत येतो. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा सतत कोणीतरी जवळ लागणाऱ्या माणसाला जी व्यक्ती घरी सांभाळते, तिला महिन्याला सहाशे रुपये. अर्जात कारणाचा रकाना भरताना ‘घरगुती अडचण’ लिहावं लागत नाही. बुटीबोरीच्या दराने सहाशे रुपये म्हणजे सव्वा दिवसाची मजुरी.